बिनवासाचं पाणी

मैत्रेयीचे पप्पा राजरत्न अंबरनाथच्या केमिकल कंपनीत रंगाच्या टाक्या धुवायचे. ड्युटीवरून आले की त्यांच्याआधी टाक्या धुवायच्या सॉल्व्हंटचा वास घरात शिरायचा, गोडसर, डोकं धरणारा. लहानपणी ती त्यांच्या कुशीत डोळे मिटून पडे आणि आपण ढगांतून चाललोय असं तिला वाटे. रसायनशास्त्र शिकल्यावर कळलं, ते ढग नव्हते, चक्कर होती.

तेव्हापासून ही पोरगी एकच स्वप्न बघत राहिली, टाकी धुईल पण माणसाला चढणार नाही असं पाणी. उल्हासनगरला बीएस्सी, मुंबईत पीएचडी, मग प्रयोगशाळेत वर्षामागून वर्षं. बघायला आलेले पाहुणे चहा पिऊन गेले. ही बया कपात साखर विरघळताना बघत बसली. शेवटी साखर आणि लिंबूसत्त्वातूनच तिचा द्रव जमला. पेटत नव्हता, चढत नव्हता, वास तर औषधालाही नाही.

पप्पांच्याच कंपनीने एका टाकीवर चाचणी करू दिली. जमली, तर जुना सॉल्व्हंट कायमचा बंद. टाकी लख्ख निघाली! मैत्रेयी बदलापूरला, शिरगावच्या घरी, तरंगतच आली. पण दुसऱ्या दिवशी धुवणाचा नमुना तपासला, तर त्यात जुना सॉल्व्हंट निघाला.

"पप्पा, तुम्ही काही घातलंत का त्यात?"

पप्पा भिंतीकडे बघत म्हणाले, "एक बादली. वासच नव्हता गं त्याला. म्हटलं, हे काय घंटा धुणार? मॅनेजरसमोर तुझी इज्जत गेली असती."

"माझ्यावर भरवसा नव्हता?"

"तुझ्यावर होता. त्या पाण्यावर नव्हता."

तिला राग आला, रडूही आलं. गप्प बसली असती तर कोणाला कळणार होतं? पण तिने मॅनेजरला चाचणी बाद धरायला सांगितलं. पप्पांनीही खाली मान घालून आपली चूक कबूल केली. मॅनेजर वैतागला, आणि कसाबसा आणखी एका टाकीला तयार झाला.

या खेपेला पप्पा हात पाठीमागे बांधून लांब उभे राहिले. टाकी धुऊन झाली, झाकण उघडलं तसं सवयीने त्यांनी तोंड फिरवलं, मग हळूच परत वळवलं. पुढे होऊन आतून फडकं फिरवलं. पांढरं फडकं पांढरंच बाहेर आलं. मैत्रेयीला वाटलं, आता पाठीवर थाप पडणार.

पप्पा फडक्याकडे बघतच राहिले. मग खोकत म्हणाले, "मैत्रे, हे असं होतं, तर इतकी वर्षं आम्ही ते हुंगलं कशाला?"