फोटोत लावलेली दोन बोटं

सोमवारी सकाळी दुकान उघडलं, तर व्हॉट्सॲपवर एक ऑर्डर येऊन पडलेली. नवीन जालन्यात आमचं फ्लेक्सचं छोटंसं दुकान आहे. मशीन नवरा बघतो, डिझाइन मी करते.

ऑर्डर एका दगडखाणीची होती. खाण आणि तिथेच खडी क्रशर... कुठली ते लिहीत नाही, का ते कळेलच. त्यांचा सुरक्षा सप्ताह चालू होता. वर ठळक अक्षरांत 'शून्य अपघात, हीच आमची ओळख' आणि खाली सगळ्या कामगारांचा ग्रुप फोटो, असा मोठा बॅनर हवा होता.

फोटोत सगळ्यांच्या डोक्यावर पिवळी हेल्मेटं. इतकी कोरी, की दोघातिघांच्या हेल्मेटवरचं प्लॅस्टिकही निघालेलं नव्हतं. मला हसूच आलं.

खाली सुपरवायझरचा व्हॉइस मेसेज होता. "मॅडम, मधल्या लाइनीत एकाच्या हाताला बँडेज हाय बघा. तेवढं काढून टाका. हात बराबर दिसला पाहिजे. गाडीवरून पडल्ता तो."

आता आमच्या धंद्यात हे काही नवीन नाही. वाढदिवसाच्या बॅनरवर मी टकलांना केस लावलेत, सुटलेली पोटं आत घेतलीत, सावळी माणसं गोरीपान केलीत. मी शेजारच्या माणसाचा हात उचलला, तो बँडेजच्या जागी बसवला आणि चहा प्यायला उठले.

दुपारी बॅनर न्यायला ज्यांना पाठवलं, ते नेमके फोटोतले तेच निघाले! पन्नाशीचे, शांत. प्रकाशदादा म्हणू त्यांना, खरं नाव वेगळं आहे. दारातूनच जय भीम केला आणि बँडेजचा उजवा हात पाठीमागे घेऊन उभे राहिले.

प्रिंट व्हायची होती, म्हणून मी त्यांना बसायला सांगितलं. डिझाइन समोर स्क्रीनवरच होतं. दादा वाकून बघायला लागले... आणि बघतच राहिले.

मग डाव्या हाताचं बोट त्यांनी स्क्रीनवरच्या त्या नव्या हातावरून हळूच फिरवलं. "ही दोन बोटं मला लावली का ताई? चांगली दिसून राह्यली."

मी म्हटलं, दादा, गाडी जरा सावकाश चालवत जा.

तर म्हणाले, "ताई, मला सायकल बी येत न्हाई."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. क्रशरवर खडी वाहून नेणारा जो बेल्ट असतो, त्यावर दादांचं काम. बेल्टच्या रोलरपुढची जाळी दुरुस्तीसाठी काढली, ती कुणी परत बसवलीच नाही. एक दिवस हात आत ओढला गेला. दोन बोटं गेली.

दवाखान्यात नेताना वाटेतच पढवलं... कुणी विचारलं तर गाडीवरून पडलो म्हणायचं. कारण खाणीत असा अपघात झाला तर सरकारला कळवावं लागतं. मग तपासणी येते, काम थांबतं. म्हणून मग माणूस गाडीवरून पडतो. गाडी नसली तरी पडतो!

माझं डोकंच फिरलं. अरे, माणसाची बोटं तुमच्या मशीनमध्ये गेली, त्याच माणसाला कोरं हेल्मेट घालून फोटोत उभं करता? आणि वर त्याचं बँडेजही तुमच्या डोळ्यांत खुपतं? चोर तो चोर, वर शिरजोर!

मी विचारलं, दादा, तक्रार का नाही केली?

"माझं जे व्हायचं ते होऊन गेलं, ताई. मला आता गेटवर बसवलंय. पण बेल्टवर माझ्या जागी माझा धाकटा भाऊ हाय. जाळी लावा म्हणलं, तर म्हणतात, इथं कुणाला काय झालंय? अपघात झालाच न्हाई, मंग जाळी कशाला लावतील?"

हे ऐकलं आणि मी लावलेली बोटं मीच काढली. मूळ फोटो मोठा करून छापला आणि तक्रारीला पुरावा म्हणून दादांच्या हातात दिला. तो व्हॉइस मेसेजही त्यांच्या मोबाइलवर पाठवला.

सुपरवायझरला फोन करून सांगितलं, सुरक्षेच्या बॅनरवर खोटा हात मी लावणार नाही, आहे तसा हवा असेल तर घेऊन जा. तो म्हणाला, "तुम्हाला कशाला पाहिजेत ह्या उचापती? जालन्यात दुकानं लई हायेत." असतील. खुशाल जा.

संध्याकाळी दादा भावाला घेऊन आले. खाणींच्या सुरक्षेचं जे सरकारी ऑफिस असतं, त्यांच्या नावे आम्ही तक्रार लिहिली. भावाने साक्षीदार म्हणून सही केली. दादांनी डाव्या हाताने केली, वाकडीतिकडी... पण पूर्ण नाव लिहिलं.

काल त्या रस्त्याने गेले, तर बॅनर झळकतोय. दुसऱ्या दुकानातून करून घेतला. शून्य अपघात! दादांचा हात एकदम धडधाकट, फक्त अंगठा उलट्या बाजूला. येणारे-जाणारे शेकडो लोक बघतात, कुणाच्या लक्षात तरी येतंय का देव जाणे.

तक्रारीला अजून उत्तर नाही. पण दादांचा भाऊ जाळी लागल्याशिवाय बेल्टजवळ जायला तयार नाही. घरी बसलाय. त्या दोघांना विचारूनच ही पोस्ट लिहिली. "लिहा ताई, अपघात झाला होता, एवढं तरी कुठंतरी लिहिलेलं राहू द्या," असं दादा म्हणाले.

जाळी बसली की तिचा फोटो पाठवतो म्हणालेत. तो मी मोठा छापून दुकानाच्या दारावर लावणार आहे. त्यात एक ठिपकाही बदलणार नाही.