रविवारचे पंधरा राउंड

जानेवारीतला दुसरा रविवार, सकाळचे सात. हजर: अप्पा, म्हणजे माझे वडील, वय ब्याऐंशी, दादा, माझा थोरला भाऊ, अठ्ठावन्न, वहिनी, आणि मी. जागा: कोथरूडमधलं दादाचं घर, टीव्हीसमोर. निमित्त: हेवीवेट अजिंक्यपदाची लढत. अमेरिकेतली शनिवार रात्र आपल्याकडे रविवार सकाळ होऊन येते, त्यामुळे आमच्या घरी रविवारचा चहा आणि बॉक्सिंग बरोबरच असतात.

त्या दिवशी माझ्या मांडीवर एक कागद होता. शुक्रवारी मेंदूच्या डॉक्टरांनी दादाला तपासलं. उजवा हात थरथरतो, बोलताना शब्द एकमेकांना चिकटतात, हे आम्ही वर्षभर बघत होतो. डॉक्टर म्हणाले, "डोक्याला आजवर किती मार बसलाय, जमेल तितकं लिहून आणा. सोमवारी अकरा वाजता या. आणि तोवर एकही ठोसा नको." दादा वारज्याच्या एका व्यायामशाळेत बॉक्सिंग शिकवतो. रविवारी दहाला तो मुलांबरोबर स्वतः रिंगमध्ये उतरतो. त्याची बॅग दाराशी भरून ठेवलेली होती. चेनमधून ग्लोव्हजची लाल दोरी बाहेर आली होती. माझं लक्ष टीव्हीपेक्षा त्या दोरीकडेच जास्त होतं.

यादी करणं माझ्यासाठी सोपं होतं. नववीत असल्यापासून दादाच्या प्रत्येक लढतीची नोंद मीच ठेवली आहे: ठिकाण, समोरच्याचं वजन, निकाल. शेवटचा रकाना 'खाली पडला?' असा. त्या रकान्यात वरपासून खालपर्यंत 'नाही'. मला त्याचा फार अभिमान होता. सगळं कागदावर उतरवलं आणि काम झालं, असं समजून बसले.

अप्पांची टीव्हीशी नेहमीची वादावादी सुरू झाली होती.

"हे बॉक्सर नाहीत, टेम्पो आहेत. साडेसहा फूट उंच, एकशे पंधरा किलो, आणि चौथ्या राउंडला तोंड उघडं. आमच्या वेळचे बघ. नव्वद किलोसुद्धा नाहीत, पण पंधराव्या राउंडलाही पाय नाचताहेत."

"मधल्या काळातल्यांना विसरलात," दादा म्हणाला. तो वयात आला तेव्हाचे हेवीवेट त्याने व्हिडिओ कॅसेटवर पाहिलेले. "दीड मिनिटात समोरचा आडवा. त्यांच्यापुढे तुमचे नाचणारे टिकले असते?"

"टिकले असते. दमवून मारलं असतं. पंधरा राउंडांचं कारण तेच असतं. आता बाराच राउंड. बारात काय होतं? बारात माणूस गरम होतो."

"बारा का केले, माहीत आहे ना?"

"एक जण मेला म्हणून. रस्त्यावर रोज मरतात, रस्ते लहान केले का कुणी?"

"कोथरूडमध्ये केलेत की," वहिनी आतून म्हणाली. "खोदून."

सगळे हसले. मी घड्याळ पाहिलं. आठ वाजून दहा मिनिटं.

सातव्या राउंडला समोरच्याने दोघांतल्या जास्त उंच माणसाला कोपऱ्यात गाठलं. माणूस पडला नाही. हात वर धरून उभा राहिला आणि मार घेत राहिला. पंचांनी मध्ये शिरून लढत थांबवली. अप्पा खुर्चीतून अर्धे उठले.

"उभा होता! उभ्या माणसाला काढला! आमच्या काळात असं कुणी केलं नसतं."

"उभा होता म्हणूनच काढला," दादा म्हणाला. सावकाश, एकेक शब्द सुटा करत. "पडलेल्याला पंच दहा आकडे मोजेपर्यंत विश्रांती तरी मिळते. उभा राहतो, तो खात राहतो."

माझ्या कागदावरचे सगळे 'नाही' एकदम वेगळेच दिसायला लागले. मी विचारलं, "दादा, तुझी यादी केली आहे. एकदाही पडलेला नाहीस. एवढंच द्यायचं ना डॉक्टरांना?"

"तू लढती लिहिल्यास. तीन-तीन राउंडांच्या. त्या वर्षाला किती व्हायच्या? रविवारचे पंधरा लिही."

अप्पांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

रविवारचे पंधरा मी विसरले नव्हते. मी ते मोजलेच नव्हते. तेव्हा पुण्यात सरावाला दादाच्या वजनाचा दुसरा माणूस मिळत नसे. म्हणून अप्पा त्याच्यासमोर हलक्या वजनाचे चार जण आळीपाळीने उभे करत. दर राउंडला ताज्या दमाचा माणूस, दादा मात्र तोच. असे पंधरा राउंड, कारण अप्पांचे आवडते पंधरा खेळत. डोक्याला संरक्षक टोपी नाही, कारण त्यांनी कधी घातली नव्हती. घड्याळ धरून घंटा मी वाजवायची. नंतर आम्ही दोघं सायकलवरून मंडईत जायचो. परत येताना दादा विचारायचा, "बटाटे घेतले का?" पिशवी त्याच्याच हँडलला असायची. वाटेत तो तीनदा विचारायचा आणि मी घरी येऊन त्याची नक्कल करायचे. सगळे पोट धरून हसायचे.

मी टीव्ही बंद केला. "अप्पा, दोन वर्षं घंटा मी वाजवली. मग मला नोकरी लागली. त्यानंतर ते किती वर्षं चाललं?"

"यालाच विचार."

"मला आठवत नाही," दादा म्हणाला. "कधी चार वाटतात, कधी सात."

"लग्नानंतरही चालू होतं," वहिनी दारात येऊन म्हणाली.

"सराव म्हणजे मार नव्हे," अप्पा म्हणाले. "आणि आमच्या घरच्या हेडक्लार्क बाईंना सांगा, प्रत्येक गोष्टीला रकाना नसतो."

"अप्पा," दादा म्हणाला, "डोक्याला कसं कळणार, की आज सराव आहे?"

साडेनऊला दादा उठला आणि बॅगेकडे गेला. मी उठायच्या आत वहिनी तिथे पोचली होती. तिने चेन उघडली, ग्लोव्हज काढून कपाटात ठेवले, आणि बॅगेत शिट्टी टाकली.

"अहो, आज शिट्टीच."

"पोरं काय म्हणतील?"

"म्हणू देत. मीही येते. बाकावर बसते."

"माझ्यावर पहारा?"

"हो."

दादाने स्कूटरची किल्ली तिच्या हातात दिली. तिच्या मागे बसून तो वारज्याला गेला. साडेबाराला दोघं परत आले तोवर मी चार वेळा गॅलरीत जाऊन आले. वहिनीने चपला काढता काढता मान हलवली. तो रिंगमध्ये उतरला नव्हता.

मधल्या तीन तासांत घरी अप्पा आणि मीच होतो. अप्पा म्हणाले, "आण एक कोरा कागद. मी लिहितो."

वळणदार अक्षरात त्यांनी लिहिलं: 'सराव. दर रविवारी. पंधरा राउंड. टोपी नाही.' खाली: 'एकूण किती रविवार:' आणि पेन तिथेच थांबलं.

"डॉक्टर हे वाचून मला काय म्हणतील?"

"ते दादाला तपासणार आहेत, अप्पा."

"ते झालंच. मला काय म्हणतील?"

मी चहा करायला गेले. आले तेव्हा पेनला टोपण लावलेलं होतं.

आज सोमवार, सकाळचे नऊ. फाइलमध्ये: जुने रिपोर्ट, औषधांची चिठ्ठी, लढतींची यादी. रिक्षा सव्वादहाला सांगितली आहे. अप्पांना कुणी चला म्हटलेलं नाही, पण ते आठपासून बूट घालून दाराशी बसले आहेत. त्यांनी लिहिलेला कागद त्यांच्या मांडीवर आहे. 'एकूण किती रविवार' याच्या पुढची जागा अजून भरायची आहे.