दोन शोकसभा, एक चौक

आमचा पक्ष एवढा लहान, की त्याच्या फुटीची दखल पेपरानंही घेतली नाही. भांडण तिकिटावरून नव्हतं, उसावरूनही नव्हतं. गाझातल्या युद्धात आधी निषेध कुणाचा करायचा, यावरून आष्ट्याच्या कार्यालयात खुर्च्या सरकल्या. मी म्हणत होतो, दोन्हीकडच्या हिंसेचा एकाच ठरावात करू. माझा मित्र म्हणाला, मारणारा आणि मरणारा एका ओळीत बसवू नको. लेकरं मेली, याबद्दल मात्र कुणाचं दुमत नव्हतं. तरी तो त्या गटात गेला आणि मी या गटात राहिलो.

मी माधवनगरच्या गिरणी कामगाराचा मुलगा, तो आष्ट्याचा शेतकरी. फलटणला सभा असली की मी त्याच्या मोटारसायकलवर मागे बसायचो. वाटेत तो भाषणाची तालीम करायचा. निम्मं वाऱ्यावर जायचं, पण मी सगळ्यालाच व्हय म्हणायचो. त्याची आठवण येते, लय येते, पण पक्षात हे बोलायची सोय राहिलेली नाही. त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी निघालो होतो, तर येऊ नको असा निरोप आला.

मग दोन्ही गटांनी त्या लेकरांसाठी एकाच सकाळी, एकाच चौकात शोकसभा ठेवली. पोलिसांनी मधला रस्ता तेवढा मोकळा ठेवायला लावला. आमच्याकडची रीत अशी, की श्रद्धांजलीला उभं राहिलं की अध्यक्ष ‘बसा’ म्हणेपर्यंत हलायचं नाही. इथे अध्यक्ष दोन. जो आधी ‘बसा’ म्हणेल त्याच्या गटाचं दुःख कमी ठरणार, म्हणून कुणीच म्हणेना. दोन मिनिटं कधीच सरली. एक ट्रॅक्टरवाला टोपी काढून थांबला होता, तोही कंटाळून निघून गेला.

समोर माझा मित्र एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत होता. मी त्याला ओळखतो. पडला असता, पण आधी बसला नसता. म्हणून मीच बसलो. अध्यक्षांनी डोळे वटारले, पण माझ्यामागे आमचे एकेक करत सगळे बसले. वाटलं, आता तोही बसेल. एकदा तरी माझ्याकडे बघेल.

त्यानं माइक ओढून घेतला.

“ज्यांचं दुःख सरलं, ती मानसं बसली. आमचं अजून सरलं न्हाई.”

त्याच्या लोकांनी चक्क शोकसभेत टाळ्या वाजवल्या. त्यानंतर तो सावकाश खुर्चीत टेकला. आमचे लोक चवताळले. मला मात्र आतून हसू फुटत होतं. वाक्य फर्मास होतं. काय बोलला बघ, असं सांगायला मी सवयीनं शेजारी वळलो. शेजारी आमचा खजिनदार होता. ज्याला सांगायचं होतं तो रस्त्यापलीकडे बसून गुडघा चोळत होता.