बोर्डावरचे शेठ

बास्केटबॉलच्या बोर्डावर मी प्रायोजकाचा फोटो चिकटवला. कोपऱ्यात नाही, पूर्ण बोर्डावर.

ज्यांनी हा खेळ कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. बास्केटच्या मागे पारदर्शक बोर्ड असतो आणि त्यावर पांढरा चौकोन आखलेला असतो. खेळाडू त्या चौकोनावर नेम धरून बॉल मारतात. हे मला माहीत नव्हतं असंही नाही. मी रोज सरावाला जाऊन बसायचो. पण मी जागा विकायला निघालो होतो, आणि टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर तेवढी एकच जागा रिकामी दिसत होती.

त्याआधी मी चाकणला पत्र्याचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत विक्री बघायचो. ती लाइन बंद पडली आणि मी एका व्यावसायिक बास्केटबॉल टीमचा मार्केटिंग हेड झालो. कसा झालो ते टीमच्या मालकांनाही नीट सांगता येणार नाही. त्या दिवसांत मला आनंद व्हायचा नाही की वाईट वाटायचं नाही. दात काढून आल्यावर गाल बधिर असतो ना, तसा मी सगळाच.

सीझनच्या मध्येच मुख्य प्रायोजक निघून गेला. मालक म्हणाले, नवा मिळाला तर टीम पिंपरी-चिंचवडमध्ये राहील, नाहीतर दुसऱ्या शहराला विकू. तिकिटांवर टीम चालत नाही. त्यात फार तर हॉलचा एसी चालतो. आमच्या कॅप्टननं वाकडला भाड्यानं फ्लॅट घेतला होता. तो मला रोज विचारायचा, "सर, मुलीची ॲडमिशन इथंच घेऊ ना?" मी म्हणायचो, घे.

शेवटी मला एक माणूस सापडला. रावेतचे शेठ. घराणं शेतकऱ्याचं, ऊस होता तिथं आता त्यांच्या बिल्डिंगा आहेत. एक मॅच बघतो आणि मग सही करतो, म्हणाले.

"माझं काय कुठं लागनार?" त्यांनी विचारलं.

"शर्टाच्या पाठीवर तुमच्या प्रोजेक्टचं नाव, शेठ."

"पाठीवर? आन् फोटो?"

"शर्टावर फोटो नसतो."

"मग लोकांला कळायचं कसं, मी हाय म्हनून?"

हा प्रश्न मला तेव्हा रास्त वाटला. आमच्याकडं चौकात वाढदिवसाचा फ्लेक्स लागतो त्यावरही आधी फोटो येतो, मग मजकूर. मी चिंचवडच्या फ्लेक्सवाल्याला बोर्डाचं माप दिलं. "वाऱ्यासाठी भोकं पाडू का?" त्यानं विचारलं. हॉलमध्ये लावायचाय, स्टिकरच दे, म्हटलं. त्यानं सवयीनं खाली ‘शुभेच्छुक: समस्त मित्र परिवार’ छापून टाकलं. मीही वाचून तसंच घेऊन आलो.

मॅचच्या दिवशी शेठ भाऊबंदांना घेऊन आले. त्यांच्यासाठी मैदानाच्या कडेला सोफे मांडले होते. समोर बोर्डावर शेठ हात जोडून उभे. सोफ्यावरची मंडळी मोबाइल काढून फोटोचे फोटो घ्यायला लागली. शेठ खूष होते.

कॅप्टन सरावाला आला आणि बॉल हातात धरून थांबला.

"सर, मारू कुठं? कपाळावर?"

"जरा खाली. चौकोन मिशीच्या मागं आहे."

तो हसला नाही. रेफरी आला, त्यानं बोर्डाकडं बघितलं, मग माझ्याकडं. हे निघाल्याशिवाय मॅच सुरू होणार नाही, म्हणाला.

शिडी आली. मी स्वतः चढलो. स्टिकर वरून सोलला तर फेटा निघून आला आणि बाकीचे शेठ तिथंच राहिले. नखांनी, मग एटीएम कार्डानं खरवडलं. एक डोळा जाईना. खाली शेठ हाताची घडी घालून बघत होते. माझ्या जागी दुसरा कुणी असता तर त्याला घाम फुटला असता. मला आपलं वाटत होतं, हा डोळा निघाला की चहा प्यावा.

डोळा निघाला, पण चिकट डाग राहिले. चाकणला पत्र्यावरचा कसलाही डाग आम्ही थिनरनं काढायचो. डबा अजून गाडीच्या डिकीत पडून होता. आणला, फडकं बुडवलं आणि बोर्ड झकास पुसून काढला.

बोर्ड काचेचा नव्हता, प्लॅस्टिकचा होता. आधी तो धुरकट झाला, मग दुधासारखा पांढरा. मी अजून जोरात पुसलं. प्रेक्षकांतून कुणीतरी म्हणालं, "राव, पुसताय का चुना लावताय?"

चौकोन दिसेनासा झाला. बदलून लावायला दुसरा बोर्ड नव्हता. रेफरीनं मॅच रद्द केली आणि गुण पाहुण्या टीमला गेले.

भाऊबंद जेवायला निघून गेले. शेठ एकटेच सोफ्यावर बसून होते. कॅप्टन शेजारीच खाली बसून बूट सोडत होता, उगाच सावकाश. मी शेठसमोर जाऊन उभा राहिलो. हाताला थिनरचा वास येत होता.

"शेठ, पुढच्या सीझनचं कसं करायचं?"

"न्हाई करत सही."

"दोन दिवसांत नवा बोर्ड येईल."

"बोर्ड यील ओ."

कॅप्टन उठला, बूट हातात घेऊन अनवाणीच आत गेला. शेठ त्याच्या पाठीकडं बघत राहिले. मग गुडघ्यावर हात टेकून उठले.

"मला ह्या खेळातलं काय कळत न्हाई," ते म्हणाले. "तुमाला बी कळत न्हाई. पर तुमी त्याचा पगार घेताय."