नजर समोर

चोरखमारा तलावाच्या पाण्यावर पिकणाऱ्या धानाच्या बांध्या, बैलजोडी, नवरा आणि एकुलता एक मुलगा, असा धनवंताबाईचा संसार. खाऊनपिऊन सुखी, पण कसली तरी काळजी केल्याशिवाय बाईला घास गोड लागत नसे. दुर्गेश लहान असताना धुऱ्यावर, म्हणजे दोन बांध्यांमधल्या चिंचोळ्या बांधावर, त्याचा पाय सापावर पडला. साप बिनविषारी पानदिवड निघाला आणि बिचारा पोरापेक्षा जास्त घाबरून पाण्यात पळाला. पण त्या दिवसापासून धनवंताबाईचा एकच जप सुरू झाला, “बाबू, खाली पाहून चाल.” पोरगं गुणी. ते खाली पाहूनच शाळेत गेलं, खाली पाहूनच वरातीत नाचलं आणि २०११ च्या डिसेंबरात फौजेत भरती होऊन खाली पाहतच कामठीच्या ट्रेनिंग सेंटरात शिरलं.

धावण्यात, दोरावर चढण्यात, नेमबाजीत दुर्गेश कुणाला हार जाईना. घोडं अडलं ते कवायतीत. पाऊल उचललं की मान आपोआप खाली. कवायत शिकवणारा उस्ताद रोज ओरडायचा, “नज़र सामने! जमीन में सोना गड़ा है क्या?” पोरं हसायची. मग दुर्गेश कवायतीच्या परीक्षेत नापास झाला आणि हसणं थांबलं. आता एकच संधी उरली होती. तीही गेली तर सोबतची पोरं शपथ घेऊन जवान होणार आणि हा मागच्या बॅचमध्ये जाणार.

रविवारी त्यानं घरी फोन लावला. “माय, कसम परेडले येऊ नका. मी मागं राहून राहिलो.”

“काऊन?”

“मान खालीच जाते. किती बी करतो, पायाकडंच पाहतो.”

ही सवय कुणी लावली, हे धनवंताबाईला सांगायची गरज नव्हती. नवरा जियालाल जवळच उभा होता. तो असा खाकरला की त्यापेक्षा बोलला असता तर परवडलं असतं. तिनं फोन कानाशी घट्ट धरला.

“आयक बाबू, मी सांगतलं म्हणून खाली पाहत होता ना? आता मीच सांगून राहिली. वर पाहून चाल. साप-गीप निघाला त मी पाहून घेईन.”

“माय, येथं साप नाही.”

“मंग कायले पाहतोस खाली?”

पलीकडे पोरगं हसलं. बऱ्याच दिवसांनी हसलं असावं.

पुढे पास झाल्याचा फोन आला, तरी बाईचा भरवसा बसेना. ऐन परेडीत मान गेली खाली तर? सप्टेंबरात दोघं जवळच्या तिरोड्याहून गाडीनं कामठीला गेले. मैदानात बँड वाजला आणि एकसारख्या टोप्यांच्या रांगा निघाल्या. धनवंताबाई खाली गेलेली मान शोधत होती. एकही सापडेना. म्हणजे पोरगं परेडीतच नाही की काय?

तेवढ्यात जियालालनं कोपरानं ढोसलं. दुर्गेश तिच्या अगदी समोरून चालला होता, छाती पुढे, मान ताठ. तिनं हात वर केला. त्याची पापणीही हलली नाही. तो तसाच पुढे निघून गेला.

“पोट्ट्यानं तुयाकडं पाह्यलं बी नाही,” जियालाल म्हणाला.

बाईच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

“मायचं आयकून राहिला तो,” ती म्हणाली.