हरले, तरी पुढे गेले

परवा निजामपुऱ्यातून जाताना एका पॉवरलूमच्या दारातून तेलाचा आणि कच्च्या सुताचा वास आला. फुटबॉल वर्ल्ड कपचे गटातले सामने सुरू आहेत, त्यामुळे आईच आठवली.

आई लूममध्ये मागाच्या धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरायची. मी लहान असतानाच्या एका वर्ल्ड कपात पहिलाच सामना हरलेला एक निळ्या शर्टांचा संघ तिने आपला मानला होता. त्यांच्या गटातल्या शेवटच्या सामन्याचा निकाल सांगायला मी लूमच्या दारात गेलो. त्या खडखडाटात सगळे हातांनीच बोलत. मी अंगठा खाली केला. आईने गालाला हात लावला.

खरं तर हरूनही तो संघ पुढच्या फेरीत गेला होता: मधला सामना त्यांनी जिंकला होता, गटातल्या बाकीच्या दोघांचा सामना बरोबरीत सुटल्याने ते तिसरे राहिले, आणि तेव्हा काही तिसरे संघही पुढे जात. पण हे हातांनी कसं सांगणार? आत जाऊन कानात सांगायला हवं होतं. मी नुकताच भांग पाडला होता, आत केसांवर कापूस बसला असता. मी तसाच मित्रांकडे गेलो.

ड्युटीवरून आल्यावर ती म्हणाली, "गेले बिचारे घरी."

"न्हाय गं आये, पुढं गेले!"

"मेल्या, मग तवाच सांगाचा ना! सगली ड्युटी तोंड पारून केली मी." ती खूप हसली. मग केसांतला कापूस वेचत म्हणाली, "आता नीट सांग, हरून पुढं कसे गेले?"

मी दोन वाक्यांत उरकलं. आज तिने विचारलं असतं, तर सगळी संध्याकाळ सांगत बसलो असतो.