हनुवटीवरचे पांढरे केस

बारामतीच्या त्वचेच्या दवाखान्यात माझा आणि एका म्हातारीचा वार एकच असे. ती पळसदेवहून एसटीने यायची. सत्तरी ओलांडलेली, हनुवटीवर पदर धरून बसलेली. पांढऱ्या केसांवर लेझर चालत नाही, म्हणून तिला सुईचा उपाय सांगितला होता. केसाच्या मुळाशी बारीक सुई जाते, विजेचा हलका प्रवाह ते मूळ मारतो, मग केस चिमट्याने अलगद निघतो. असा एकेक केस, महिनोन्‌महिने.

"या वयात एवढा त्रास कशाला?" मी एकदा विचारलं.

"रोज पहाटं वस्तरा फिरवत आले. मालकांना बी कळू दिलं न्हाय," ती हळूच म्हणाली. "आता हात थरथरतुय. उद्या मेले, की आंघोळ घालताना बाया बघतील."



दिवाळीनंतर ती यायची थांबली. सुई चालवणाऱ्या बाईंनी माझ्यासमोरच तिच्या घरी स्पीकरवर फोन लावला. सुनेनं उचलला. सासू गेल्याचं सांगून तिनं विचारलं, "त्या तुमच्याकडं कशाला येत व्हत्या?"

म्हातारीची अर्धी हनुवटी अजून व्हायची होती.

"खाज सुटायची त्यांना," बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.